घाटाखालचा चिखल

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपली ओळख देताना ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ हे बहुधा आधी सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही वाटणी बोलीत आणि पिकांत जशी दिसते, तशीच ती श्रावण-भाद्रपदात जनावरांच्या खुरांखाली होणाऱ्या चिखलातही दिसते. बुलढाणा, चिखली, मेहकर या घाटमाथ्याच्या भागात अनेक ठिकाणी हात-दोन हात खणले की मुरूम लागतो. उलट मलकापूर, नांदुरा, शेगावकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, काळी माती इतकी खोल की मुरूम गाडीनेच आणावा लागतो.

दोन्हीकडची काळी माती अग्निजन्य बसाल्टाच्या झिजेतूनच निर्माण झालेली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाची रचना पोथीच्या सुट्या पानांसारखी असते. पानांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, उन्हाळ्यात ते गेले की भेगाळते. पूर्णाकाठी यात सोडियमाची भर पडते, आणि त्यामुळे कण एकमेकांना धरून न राहता सुटे होऊन मातीची छिद्रे बुजवतात. हिलाच शेतकरी ‘चोपण’ म्हणतो. अशा भूमीत साचलेले पाणी खाली उतरायचे नावच घेत नाही.

आता या भूमीवर धनगराच्या बिऱ्हाडाचे सामान वाहणारे तट्टू किंवा वरातीची घोडी बांधली आहे असे समजा. अडीचशे किलोचे तट्टू नुसते उभे असले तरी खुरांखाली दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आसपास भार पडतो. तेच दुडक्या चालीने निघाले की एका वेळी दोनच पाय टेकतात आणि भार दुपटीवर जातो. प्रत्येक पावलाने खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साचते, त्यात शेण-लीद मिसळते. अशा ओल्या, हवा न लागणाऱ्या खुराच्या तळात जंतू वाढून काळसर, दुर्गंधी स्राव येऊ लागतो, आणि दुर्लक्ष झाले तर तट्टू लंगडते. (लाळ्या-खुरकुताशी याचा घोळ करू नये, तो विषाणूजन्य रोग गुरांचा, घोड्याला होतच नाही.)

माझ्या आजोळी, घाटाखाली, मामांनी एका आषाढात ट्रॉलीभर मुरूम अंगणात ओतला. भाद्रपदापर्यंत तो दिसेनासा झाला. ‘मातीनं मुरूम गिळला,’ असे ते वैतागून म्हणत, आणि वस्तुतः घडले होते तेच: ओल्या चिकणमातीवर थेट पसरलेला मुरूम खुरांनी खाली दाबला जातो आणि त्याच्या फटींतून चिखल वर येतो. शिवाय मुरूम हे गौण खनिज. त्यासाठी स्वामित्वधन भरून तहसीलदाराचा परवाना लागतो, वाहतुकीचा खर्च निराळाच. तेव्हा इतके करून आणलेला मुरूम मातीच्या पोटात घालणे परवडणारे नव्हे.

माझ्या मते पहिला रुपया मुरमावर नव्हे, पाण्याच्या वाटेवर खर्चावा. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद छपरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर पाणी होते, आणि पन्हळ नसेल तर ते सगळे नेमके जनावर उभे असते तिथे उतरते. पत्र्याची पन्हळ आणि उताराच्या वरच्या अंगाला कोपरभर खोल चर, एवढ्याने निम्मा चिखल टळतो. शेण-लीद रोज उचलावी. ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. मग संपूर्ण अंगणाचा हट्ट न धरता गव्हाण, हौद आणि फाटक या खुरांच्या वर्दळीच्या तीन जागाच घ्याव्यात: मऊ थर खरवडून काढावा, त्या जागी प्लॅस्टिकच्या विणीची जुनी पोती अंथरावीत, आणि वर वीतभर मुरूम चोपून, दर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार ठेवून बसवावा. पाणी विणीतून झिरपते, चिखल मात्र वर येत नाही. पोत्याचा कोपरा उघडा पडला की लगेच झाकावा. गुरे प्लॅस्टिक चघळतात.

पुढल्या वर्षी मामांनी गव्हाणीपुढे एवढेच केले. भाद्रपदाच्या झडीत त्यांचे तट्टू तिथे कडबा ओढत उभे होते आणि त्याचे चारही खूर वरून दिसत होते.