फुटलेल्या नळाची साक्ष

नगरचे लोक पाण्याविषयी बोलू लागले की विषय खापरी नळांवर गेल्याशिवाय राहत नाही. निजामशाहीच्या काळात शहराबाहेरच्या उंच भागांतून, कापूरवाडीकडून आणि भिंगारकडून, भाजक्या मातीच्या नळांतून जमिनीखालून पाणी शहरात आणले गेले. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुढे औरंगाबादेत नहर बांधली. या जुन्या नळयोजनांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले असत. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे, दाब कमी होई, आणि बिघाड नेमका कोणत्या दोन उच्छ्वासांच्या मध्ये आहे हेही शोधता येई. नळ फुटणारच, हे गृहीत धरून केलेली ती बांधणी होती.

आजच्या घरात नळ भिंतीत गाडलेला असतो आणि वरून टाइल लावलेली असते. तो कधी फुटला, कुठे फुटला आणि का फुटला, हे प्रश्न घरमालकाला पडत नाहीत. त्याला फक्त तो बंद करायचा असतो. पण घराचा विमा असेल, तर नेमके हेच तीन प्रश्न पैशाचे होतात. त्यांची उत्तरे कशी शोधतात, याचे एक शास्त्र आहे. आपल्याकडे त्याची ओळख फार थोड्यांना आहे.

विम्याच्या कागदावर काय लिहिलेले असते

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची एकसारखी पॉलिसी लागू केली. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर तिच्यात आणखी एक संकट नोंदवलेले आहे: पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ फुटणे किंवा वाहून जाणे. आगीच्या जुन्या प्रमाण पॉलिसीतही हे कलम होते. घराच्या इमारतीचा विमा घेतला की विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानही आपोआप संरक्षित होते. गृहकर्ज घेताना बँकेने पुढे केलेल्या कागदांवर सह्या करणाऱ्या अनेकांना आपल्याकडे असे काही आहे याची कल्पनाही नसते.

मात्र त्याच कागदावर दुसरे वाक्यही असते. झीज, गंज, हळूहळू होणारा ऱ्हास आणि यंत्रातील अंतर्गत बिघाड यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे गिझर फुटून दिवाणखान्यातील कपाट फुगले तर कपाटाचा विचार होतो, पण गंजून निकामी झालेल्या गिझरची किंमत मागता येत नाही. भिंतीला वर्षभर ओल येऊन पोपडे पडले, तर ते 'फुटणे' नव्हे. सगळा वाद या दोन वाक्यांमधल्या जागेत होतो. पाणी अचानक आले, की कित्येक महिने येत होते?

हे ठरवण्याचे काम सर्वेक्षकाचे, म्हणजे रूढ शब्दात सर्व्हेअरचे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ यूएम प्रमाणे ठरावीक रकमेपुढच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. त्याला मेहनताना कंपनी देते, पण त्याचा परवाना नियामकाचा असतो. त्याचे कर्तव्य दोन्ही बाजूंशी सारखेच असते.

पाण्याच्या खुणा

अनुभवी सर्व्हेअर आधी फुटलेल्या भागाकडे जात नाही. तो भिंती पाहतो. पाणी वरून खाली पडते हे खरे, पण विटांच्या आणि गिलाव्याच्या केशिकांतून ते वरही चढते. त्यामुळे भिंतीच्या तळाशी दिसणारी ओल वरच्या गळतीची असेलच असे नाही. एकदाच शिरलेले पाणी सुकताना भिंतीवर एक कड सोडते. पुन्हा पुन्हा येणारे पाणी एकात एक अनेक कडा सोडते. पाण्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरा लोणा धरतो, आणि जाड लोणा एका रात्रीत येत नाही. बुरशीला निदान काही दिवस लागतात. ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागऱ्यांवर खोल गंज असेल, तर ते कपाट फार दिवस दमटात आहे. उलट प्लायवूड नुकतेच फुगलेले, बिजागऱ्या लखलखीत आणि लोण्याचा मागमूस नाही, तर पाणी ताजे आहे.

त्यानंतर यंत्रे येतात. ओल मोजणारे मीटर, तापमानातील फरक दाखवणारा कॅमेरा, आणि सर्वांत भरवशाची जुनी रीत म्हणजे दाबाची चाचणी. नळाची एक शाखा बंद करून हातपंपाने तीत दाब भरायचा आणि काटा पाहत बसायचा. काटा उतरला नाही, तर ती शाखा निर्दोष. मग संशय सांडपाण्याच्या पाइपावर किंवा न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांवर जातो. तिथे रंगीत पाणी सोडून ते खाली कुठे उतरते ते पाहतात.

नगरच्या पाण्याचे गणित

या शास्त्राची इंग्रजी पुस्तके आपल्या घरांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. थंड देशांत नळ फुटण्याचे मोठे कारण पाणी गोठणे हे असते. शिवाय तिथे नळाला चोवीस तास दाब असतो, त्यामुळे नळ एकदा फुटला की कोणी बंद करेपर्यंत पाणी वाहतच राहते. आपल्या जिल्ह्यात अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. मुळा धरणाचे पाणी नगरच्या घरांत पोचते ते गच्चीवरच्या टाकीत साठण्यासाठी. म्हणून इथल्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न असतो: पाणी कधी आले होते?

टाकी जेवढी, तेवढेच नुकसानीचे पाणी. मधल्या काळात नळाला पाणी येऊन बॉलकॉक उघडला असेल, तर तेवढी भर. हे मोजता येते. टाकीतील पाण्याची पातळी फुटलेल्या जागेपेक्षा तीन मीटर उंच असेल आणि छिद्र दोन मिलिमीटर व्यासाचे असेल, तर तासाला सुमारे ५० लिटर पाणी जाते. हजार लिटरची टाकी रिकामी व्हायला वीस तासांच्या आसपास लागतात. 'तासाभरात सगळे घर भरले' असे कोणी सांगितले, तर छिद्र तरी मोठे असले पाहिजे किंवा वेळ तरी जास्त. खोटे पकडण्याइतकाच खऱ्याला आधार देण्यासाठीही हा हिशेब उपयोगी पडतो.

आपल्या पाण्याचा दुसरा विशेष म्हणजे त्यातले क्षार. काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. प्रवरेच्या कालव्याखालच्या भागात ते खारवटही लागते. जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार गिझरच्या कॉइलवर आणि सुरक्षा व्हॉल्व्हच्या तोंडाशी साचतात. जादा दाब सोडण्यासाठी ठेवलेला व्हॉल्व्हच बुजला, तर टाकीला उच्छ्वास उरत नाही. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजावा म्हणून तो बसवलेला असतो. जड किंवा खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो, पण तो बदलून घेणारे घर क्वचितच सापडते.

धक्क्याची कथा

नळ फक्त साठलेल्या दाबाने फुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को शहराच्या जलवाहिन्या वारंवार फुटत होत्या. १८९७-९८ मध्ये निकोलाय झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने त्यांवर प्रयोग केले आणि कारण दाखवून दिले. वाहते पाणी एकदम अडवले की त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते, आणि हा दाब लाटेसारखा नळातून धावतो. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणार्धात थांबवले, तर दर चौरस सेंटिमीटरला बारा-तेरा किलोचा धक्का बसू शकतो. तीन मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब याच मापाने जेमतेम पाव-अर्धा किलो भरतो. प्लास्टिकच्या आणि आखूड नळांत हा धक्का बराच कमी असतो, पण तो असतो. कपडे धुण्याचे यंत्र पाणी घेणे थांबवते तेव्हा भिंतीत 'ठक्' असा आवाज येतो, तो हाच. मोटर बंद होताना उलटे फिरणारे पाणीही असेच आदळते. एका धक्क्याने नळ तुटत नाही. हजारो धक्क्यांनी सांधा थकतो.

तुटलेला तुकडा

इथे एक कल्पित उदाहरण घेऊ. सावेडीतील एका इमारतीचा सर्वांत वरचा मजला. घरची मंडळी शुक्रवारी रात्री लग्नासाठी संगमनेरला गेली. शनिवारी सकाळी नळाला पाणी आले. दुपारी खालच्या घराच्या छतातून थेंब पडू लागले. रविवारी संध्याकाळी मंडळी परतली तेव्हा टाकी रिकामी होती, स्वयंपाकघरातील कपाटे फुगलेली होती आणि खालच्यांचे पीओपीचे छत कोसळले होते. सिंकखालच्या कनेक्शन पाइपाचे प्लास्टिकचे नट तडकले होते.

तडकलेल्या नटाच्या दोन कडा भिंगाखाली धरल्या की गोष्ट उलगडते. समजा, कडेचा निम्मा भाग पांढरट आहे आणि त्यावर क्षारांचा थर आहे. उरलेला निम्मा स्वच्छ, नुकता मोडल्यासारखा. याचा अर्थ असा की भेग जुनी होती. कोणी तरी बसवताना पाना जरा जास्तच आवळला, आट्यांच्या मुळाशी ताण राहिला, आणि भेग महिनोन्‌महिने केसासारखी पुढे सरकत गेली. एका रात्री उरलेली जाडी अपुरी पडली आणि नट उघडले.

मग हे अचानक झाले की हळूहळू? दोन्ही खरे आहे, आणि खरा पेच इथेच आहे. कंपनीच्या बाजूने पाहणारा पांढऱ्या निम्म्यावर बोट ठेवील: झीज, म्हणून दावा अमान्य. माझ्या मते हे वाचन अपुरे आहे. भेग वाढत असताना कपाट कोरडे होते, बिजागऱ्यांवर गंज नव्हता, घरमालकाला दिसण्यासारखे काहीच नव्हते. नुकसान केले ते त्या रात्रीच्या फुटण्याने, आणि पॉलिसीत नोंदवलेले संकट 'फुटणे' हेच आहे. पण हेच नट, गंजलेल्या बिजागऱ्या आणि लोण्याचे चार थर एकत्र सापडले असते, तर निकाल उलटा लागायला हरकत नव्हती. म्हणूनच सर्व्हेअरने आधी भिंती पाहायच्या असतात.

स्टीलच्या जाळीच्या पाइपांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. जाळी न गंजणाऱ्या पोलादाची असते, पण त्याच कपाटात अॅसिडची बाटली किंवा ब्लीचिंग पावडर ठेवलेली असते. तिच्या वाफांतील क्लोराइड पोलादाला सूक्ष्म भेगा पाडतात. जाळीच्या तारा एकेक करून तुटतात आणि आतली रबरी नळी फुगून फुटते. इथे दोष पाइपाचा नाही, शेजारचा आहे. तुटलेल्या तारांवरचे तांबूस ठिपके ते सांगतात.

साक्षीदार भंगारात

एवढे सगळे सांगू शकणारा तुकडा बहुतेक वेळा सर्व्हेअर येण्याआधीच नाहीसा झालेला असतो. प्लंबर येतो, जुने काढतो, नवे बसवतो आणि जुने भंगारात जाते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण संकट घडले हे दाखवण्याची जबाबदारी विमेदाराची असते, आणि ते अपवादात बसते हे दाखवण्याची कंपनीची. तुकडा हरवला की दोघांचेही हात रिकामे होतात, आणि अशा वेळी तोटा बहुधा विमेदाराचाच होतो.

तेव्हा पाणी बंद करा, वीज बंद करा, पण तुटलेला भाग न पुसता पिशवीत घालून तारखेसह ठेवा. ओल सुकण्याआधी भिंतींचे, कपाटांच्या आतल्या बाजूंचे, टाकीच्या पातळीचे फोटो घ्या. पाणी कोणत्या वेळी आले होते ते लिहून ठेवा. कंपनीला ताबडतोब कळवा. खालच्या शेजाऱ्याच्या छताचे पैसे आपल्या घराच्या विम्यातून मिळतीलच असे धरू नका. त्याने स्वतःचा विमा उतरवला असेल तर त्याला त्यातून मिळू शकतात, आणि त्याची कंपनी ती रक्कम जबाबदार व्यक्तीकडून वसूल करू शकते. नट सदोष निघाले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते वापरायचे, तरी तुकडा लागतोच.

सर्व्हेअरचा अहवाल पटला नाही, तरी तो शेवटचा शब्द नव्हे. न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. अहवालाची प्रत मागावी, कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे.

जुन्या नळांच्या वाटेवर उच्छ्वास होते, म्हणून बिघाड शोधता येई. आपल्या घरात ती सोय करणे अजूनही अवघड नाही. प्रत्येक शाखेला वेगळा व्हॉल्व्ह, नळ कुठून गेले आहेत याचा टाइल लावण्याआधी काढलेला एक फोटो, आणि गावाला जाताना टाकीची मुख्य चावी बंद करण्याची सवय, एवढे पुरे आहे. दिवाळीला बाहेरगावी निघताना गॅस आणि दिवे आपण पाहतोच. आणखी एक मिनिट काढून गच्चीवर जाऊन यावे.