डुबकी मारा, पण तोंड मिटून!

आमच्या बेलापूरच्या महिला मंडळात सध्या एकच विषय. २०२७च्या सिंहस्थाला नाशिकला बस न्यायची. यादीत पहिलं नाव माझ्या सासूबाईंचं, वय अठ्ठ्याहत्तर. "रामकुंडात एक डुबकी मारली की मी सुटले," असं त्यांचं म्हणणं. त्यांना कोण अडवणार? पण सगळ्यांना धडधाकट परत आणायची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणून मी जरा खोलात शिरले.

आंघोळीच्या पाण्यालाही सरकारी माप असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? केंद्र सरकारने २००० साली ते पर्यावरण संरक्षण नियमांत घातलं. १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा पेला पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू ५००पर्यंत असावेत, फार तर २५००. "इश्श, एवढे चालतात?" मंडळातली एक ओरडलीच. चालतात, कारण हे माप अंग बुडवण्यापुरतं आहे. पिण्याच्या तेवढ्याच पाण्यात असा एकही जंतू चालत नाही.

आणि आपण बायका काय करतो? डुबकी मारतो, तीर्थ म्हणून ओंजळभर पितो, तान्ह्याच्या ओठांना बोट लावतो, वर बाटली भरून शेजारणींना वाटतो! पाणी नितळ दिसतं म्हणून मन धजतं. पण जंतू डोळ्यांना थोडेच दिसतात? त्यात सिंहस्थ येतो पावसाळ्यात, तेव्हा नाले भरून नदीलाच मिळतात.

प्रयागच्या २०२५च्या कुंभात हेच झालं. केंद्रीय प्रदूषण मंडळाने आधी हरित लवादाला सांगितलं, की बऱ्याच ठिकाणी जंतू मर्यादेबाहेर आहेत. पुढच्या अहवालात आकडेवारीची वेगळी मांडणी करून पाणी स्नानायोग्य ठरवलं. तोवर कोट्यवधी लोक न्हाऊन गेले होते. युरोपात स्नानाच्या किनाऱ्यावर पाण्याचा दर्जा फलकावर लिहावा लागतो. आपल्याकडेही प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीचे नमुने तपासतं. मग तो आकडा घाटावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत का नको? तसं पत्र आम्ही मंडळातर्फे लिहायला घेतलंय. मैत्रिणींनो, तुमच्या गावाला नदीचा घाट असेल तर तुम्हीही लिहा.

सासूबाईंना हे सगळं सांगायला मी घाबरतच होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं, तोंड मिटून डुबकी मारीन. पण प्यायला घरचं उकळलेलं पाणी घे हो, दोन बाटल्या!"