दोन बोगदे, एक कालवा आणि आम्ही दोघी

‘या वयात धावणार? आणि तेही आपण बायका?’ घरच्यांनी हा प्रश्न विचारण्याआधी आम्हीच तो एकमेकींना विचारला होता. आम्ही नणंद-भावजय. भाभी चिपळूणच्या, नणंद लग्नानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली. दोघींनी पन्नाशी ओलांडली आहे आणि दोघींनाही शुगर आहे.

दोन वर्षांपूर्वी भाईजान अचानक गेले. त्यांनाही शुगर होती, पण ‘कामातून वेळ कुठे मिळतो’ म्हणत त्यांनी चालणे, तपासणी सारे पुढे ढकलले. इद्दत संपली तरी भाभी घराबाहेर पडेनात. शेवटी मुलांनी त्यांना काही महिन्यांसाठी इंग्लंडला नणंदेकडे पाठवले. तिथे फज्रनंतर आम्ही चालू लागलो. आधी वीस मिनिटे, मग तास. पुढे तीन मिनिटे धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असा क्रम धरला. पाच महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, हाफ मॅरेथॉनएवढे अंतर पार करायचे ठरवले. शर्यतीत नाव घातले नाही. नंबर नको, घाई नको.

आम्ही बाथ शहराभोवतीचा ‘टू टनेल्स’ मार्ग निवडला. पूर्ण फेरी सुमारे १३ मैलांची, म्हणजे २१ किलोमीटरची. अर्धी वाट जुन्या रेल्वेची, परतीची कालव्याकाठची. रेल्वे १९६६ साली बंद पडली. रूळ गेले, बोगदे बुजल्यासारखे पडून राहिले. स्थानिक लोकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१३ साली ही वाट चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुली झाली.

सुरुवातीला सलग चढ आहे. आगगाडीसाठी बांधलेला असल्याने तो डोंगरवाटेसारखा अंगावर येत नाही, पण संपतही नाही. पहिला बोगदा छोटा. दुसरा, कोम डाऊनचा, १,६७२ मीटर लांब. कोकण रेल्वेने करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आम्ही कितीदा पार केला, पण डब्यात बसून. इथे अंधारात आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. मंद दिवे आहेत, मध्यावर संगीतही लावलेले आहे. या बोगद्याला हवा जायला झरोके नव्हते. १९२९ साली मालगाडीचा ड्रायव्हर आणि फायरमन इथे धुराने बेशुद्ध झाले आणि गाडी बेलगाम उतारावरून जाऊन अपघात झाला. त्यात ड्रायव्हरसह तीन रेल्वे कर्मचारी गेले. आम्ही त्यांच्यासाठी आणि भाईजानसाठी मनात दुआ केली. पलीकडचा उजेड दिसला तेव्हा भाभी रडत होत्या. आम्ही थांबलो नाही, फक्त हात धरून चाललो.

पुढे उंच पूल, मिडफर्ड गाव, मग अरुंद रस्त्याने डंडास जलसेतू. १८०५ साली पूर्ण झालेल्या या दगडी पुलावरून चक्क कालवा नदी ओलांडतो. इथून केनेट-एव्हन कालव्याची वाट सपाट आहे. पूर्वी याच वाटेवरून घोडे दोराने होड्या ओढत. आता काठाला रंगीत होड्या बांधलेल्या असतात, बदके फिरतात.

याच सुंदर भागात, पंधराव्या किलोमीटरच्या सुमारास, भाभींचे हात थरथरू लागले, घाम सुटला. मीटरवर शुगर ६२ आली. आम्ही लगेच बसलो. आधी ग्लुकोजच्या गोळ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आकडा वर आल्यावर दोन खजूर. मगच उठलो आणि उरलेले अंतर चालत कापले. पुढे आलेल्या लोकांनी सावकाश जाण्यासाठी वाट सोडली, एका आजोबांनी पाण्याची बाटली दिली.

हे सांगायचे कारण असे की, उत्साहाच्या भरात शुगरच्या बहिणींनी एकदम धावू नये. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. धावण्यापूर्वी शुगर तपासावी, खिशात गोड असावे आणि पायात आरामदायी बूट असावेत, कारण शुगरच्या माणसाला पायाची साधी जखमही महागात पडते. एकटीने जाऊ नये. आम्ही सलवार-कमीज आणि साध्या सुती ओढणीतच धावलो, काही अडले नाही.

सगळे मिळून साडेतीन तासांहून जास्त लागले. शेवटी बाकावर बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले. भाभी म्हणाल्या, ‘ते असते तर हसले असते.’

भाभी आता चिपळूणला आहेत. तिथे बोगदाही नाही, कालव्याची वाटही नाही. सकाळी शेजारच्या दोघींना घेऊन त्या एक तास चालतात. फोनवर दर जुम्माला आम्ही एकमेकींना शुगरचा आकडा सांगतो.