हिरव्या फळीच्या पोटात काय असतं?

भाचा गोव्याहून परतला तो सर्फिंगचं खूळ घेऊनच. आश्वेच्या किनाऱ्यावर चार दिवस फळीवर उभं राहायला शिकला, पाचव्या दिवशी कोपर सोलून घेतलं आणि आता भोपाळमधल्या करोंदच्या आमच्या घरात बसून मोबाइलवर ‘इको’ सर्फबोर्डांच्या जाहिराती बघत असतो. “मामा, ही फळी पर्यावरणाला काहीच त्रास देत नाही,” असं त्याने परवा छातीठोकपणे सांगितलं.

आमच्याकडे लाटा नाहीत. मोठ्या तलावावर वारा सुटला तर शिडाच्या होड्या तेवढ्या कलतात. पण एखादी वस्तू कारखान्यात कशी शिजते, हे विचारायची खोड करोंदच्या माणसाला असतेच. युनियन कार्बाइडचा बंद कारखाना इथून फार लांब नाही.

पहिला गैरसमज नावातच आहे. फळी म्हटलं की लाकूड डोळ्यांपुढे येतं. पण 1958 च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी फोमच्या फळ्या बाजारात आणल्या आणि लाकूड मागे पडलं. आत पॉलियुरेथेनचा फोम, वर फायबरग्लासचं कापड, त्यावर पॉलिएस्टर रेझिन, अशी आजही बहुतेक फळ्यांची घडण असते. हा फोम बनवायला लागतं टोल्युइन डायआयसोसायनेट, म्हणजे टीडीआय. आपल्याकडे ते गुजरातेत भरूच आणि दहेजला बनतं. आयसोसायनेट या शब्दाचा अर्थ भोपाळमध्ये कुणाला शब्दकोशात बघावा लागत नाही.

“म्हणजे फळीत मिकच?” भाच्याने मोबाइल खाली ठेवला. हा दुसरा गैरसमज, उलट्या टोकाचा. नाही. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री त्या कारखान्यातून सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक. कूळ एक, स्वभाव वेगळा. मिक साधारण 39 अंशांना उकळतो. भोपाळच्या मे महिन्यात त्याला चूल लागत नाही. टीडीआय उकळायला 250 अंश लागतात. शिवाय फोम तयार होताना त्यातला आयसोसायनेटचा गट दुसऱ्या रसायनाशी जोडला जाऊन संपतो. तुमच्या घरातल्या फोमच्या गादीचंही मूळ हेच, आणि गादीवर झोपून कुणाला विषबाधा होत नाही.

धोका आहे तो फोम ओतणाऱ्या कामगाराला. टीडीआयची वाफ छातीत जाते, दमा जडतो आणि एकदा शरीराने ते रसायन ओळखलं की पुढे चिमूटभरानेही धाप लागते. फळी घासून आकार देणाऱ्याच्या नाकात भुकटी जाते, रेझिन लावणाऱ्याच्या नाकात स्टायरीन. जाहिरातीत समुद्र दिसतो, ही खोली दिसत नाही. 5 डिसेंबर 2005 ला क्लार्कने आपला कारखाना एका दिवसात बंद केला. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा फोम तिथूनच जायचा, त्यामुळे सगळा धंदा हबकला. त्याच्या निरोपाच्या पत्रात सरकारी नियम होते, टीडीआयही होतं. सर्फर लोक त्या दिवसाला ‘ब्लँक मंडे’ म्हणतात. मला त्यातली तारीख टोचते: आमच्या वायुकांडाच्या एकविसाव्या बरसीनंतरचा दुसरा दिवस.

मग फोम बदलला की काम झालं? ‘पुनर्वापरायोग्य ईपीएस फोम’ असं भारदस्त लिहिलेलं असतं. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल. मखराच्या थर्माकोलवर घाईत स्प्रेचा रंग मारून ज्याने खड्डे पाडलेत, त्याला पुढचं रसायनशास्त्र येतं: पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं, म्हणून या फळीला इपॉक्सीच लावावं लागतं. त्याचा वास कमी, फळी हलकी आणि जास्त चिवट. थर्माकोल वितळवून पुन्हा वापरता येतो हेही खरं. पण कधी? कापड आणि रेझिनची साल त्याच्यापासून सुटली तर. ती सहजी सुटत नाही. महाराष्ट्राने ज्या थर्माकोलच्या मखरांवर 2018 मध्ये बंदी आणली, तोच माल इथे हिरवं लेबल लावून येतो. वर्षानुवर्षं टिकणारी फळी आणि दहा दिवसांचं मखर यांत फरक आहे, हे मान्य. पण ‘काहीच त्रास नाही’ हे खोटं.

‘बायो-रेझिन’ ऐकून फळी केळीच्या सालीसारखी कुजेल असं वाटतं. त्यातला थोडा कार्बन खनिज तेलाऐवजी झाडाकडून आलेला असतो, एवढंच. एकदा घट्ट झालं की ते कुजत नाही, वितळतही नाही. 2015 मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या लोकांनी शेवाळाच्या तेलापासून फोम करून पहिली फळी बनवली. युक्ती सुरेख होती, पण त्यात बदललं ते तेल. फळी तरीही पॉलियुरेथेनचीच होती.

राहता राहिलं लाकूड. हवाईतली जुनी ‘अलाया’ म्हणजे एक पातळ फळी, तळाला पंख नाही, वर तेलाचा हात. याहून निर्मळ काही नाही, फक्त तिच्यावर उभं राहणं महाकठीण. 1932 मध्ये टॉम ब्लेकने पोकळ लाकडी फळीचं पेटंट घेतलं. विमानाच्या पंखासारख्या फासळ्या आणि वर पातळ फळ्या, हीच रीत आजचे लाकडी बोर्डवाले पाळतात. मात्र पाणी आत जाऊ नये म्हणून बहुतेक जण त्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सीच चढवतात.

आता अंगातला वेटसूट. ‘तेलापासून नाही, चुनखडीपासून बनवलेला निओप्रीन’ अशी जाहिरात असते. यावर मात्र करोंदच्या मंडीतला हमालही हसेल. चुनखडीपासून रबर थेट होत नाही. चुना आणि कोक विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास तापवून आधी कार्बाइड करतात, कार्बाइडपासून अ‍ॅसिटिलीन, त्यापासून क्लोरोप्रीन, मग रबर. हे तेच कार्बाइड, ज्याने आंबे पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि 2025 च्या दिवाळीत ज्याच्या नळीबंदुकांनी भोपाळच्या पोरांचे डोळे भाजले. युनियन कार्बाइडचं नावही त्याच्यावरूनच पडलं. तेलापासून केलेला निओप्रीनही सोवळा नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या लाप्लास गावाजवळ क्लोरोप्रीनचा कारखाना होता. शेजारच्या वस्तीला कर्करोगाचा धोका आहे म्हणून 2023 मध्ये अमेरिकी सरकारने त्याच्यावर खटला भरला, 2025 मध्ये उत्पादन थांबलं. खरा पर्याय झाडाच्या रबराचा. पॅटागोनिया कंपनीने 2016 पासून आपले सूट त्यावर नेले. पण गोव्या-कोकणच्या कोमट पाण्यात वेटसूट हवाच कशाला? अंगाला घट्ट बसणारा लायक्राचा शर्ट पुरतो.

माझा निकाल भाच्याला सांगून झाला आहे: सगळ्यात हिरवी फळी म्हणजे आधीच बनलेली, दुसऱ्याने वापरलेली. शिकाऊ माणसाने ती भाड्यानेच घ्यावी. विकत घ्यायचीच असेल तर दुकानदाराला फोम कोणता हे विचारण्याआधी ती फुटली तर दुरुस्त कुठे होते ते विचारा. आणि भेग दिसली की त्याच दिवशी फळी पाण्याबाहेर काढा, सावलीत नीट वाळवा, मग रेझिन भरा. थर्माकोलच्या फळीत एकदा पाणी मुरलं की ती जड होते आणि किनाऱ्यामागच्या कचऱ्यात जाऊन पडते.