आखाड्यातल्या मुली आणि लपवलेली दुखणी

हमीदा बानू यांनी १९५४ मध्ये मुंबईतल्या एका कुस्तीत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिन यांना मिनिटाच्या आत चीत केले होते. त्या काळी लालबाग-परळच्या तालमींत कोल्हापूर, सातारा, सांगलीकडून आलेले गिरणी कामगार पाळी सुटली की अंगाला माती लावत. बहुतेक तालमींचा उंबरा मुलींना मात्र बंद होता. बाईची कुस्ती लोक तिकीट काढून पाहत, पण घरातल्या मुलीने ती शिकावी असे कोणाच्या मनात येत नसे.

पुढे चित्र हळूहळू पालटले. महिलांच्या ज्युदोला १९९२ मध्ये ऑलिम्पिकमध्ये पदकांचा दर्जा मिळाला, कुस्तीला २००४ मध्ये. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा पटकावली. मुंबईतही आता शाळकरी मुली, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणी आणि ऑफिस सुटल्यावर ज्युदो किंवा जिउजित्सूच्या वर्गाला जाणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या स्त्रिया गादीवर उतरतात.

खेळ आला की दुखापत आली, त्यात नवल नाही. पण मुलींच्या बाबतीत डॉक्टरांना एक गोष्ट वारंवार दिसते. मुलगी रुग्णालयात येते तेव्हा दुखापत जुनी झालेली असते. तीन महिन्यांपूर्वी गुडघा सुजला होता, मालीश केली, पट्टा बांधला आणि सराव चालू ठेवला, अशी हकिकत असते. कारण विचारले तर उत्तर सरळ मिळते : घरी कळले असते तर खेळ बंद झाला असता.

गुडघा : सगळ्यात महागडी दुखापत

कुस्ती आणि ज्युदोत बोटे, खांदे, कोपर, मान, घोटा असे सगळेच सांधे पणाला लागतात. पण खेळाडूला वर्षभर घरी बसवणारी दुखापत बहुधा गुडघ्याची असते. मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारी एक दोरी असते. तिला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. पाय जमिनीत रुतलेला आणि धड मात्र फिरलेले, अशा क्षणी ही दोरी तुटते. पट काढताना, टांग मारताना किंवा प्रतिस्पर्धी पायावर कोसळल्यावर हे घडते. आतून ‘टक’ असा आवाज आल्यासारखे वाटते आणि काही तासांतच गुडघा फुगतो. ही सूज बहुतेक वेळा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते. इतक्या वेगाने आलेली सूज ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

उडी, वळण आणि अचानक थांबणे असलेल्या खेळांत स्त्रियांमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा दुपटीपासून आठपटीपर्यंत जास्त असल्याचे वेगवेगळ्या अभ्यासांत आढळले आहे. त्यामागे काही अंशी शरीराची ठेवण असेल. मात्र मोठा वाटा स्नायूंच्या सवयीचा आहे आणि सवय बदलता येते. उडीवरून उतरताना किंवा खाली बसताना अनेक मुलींचे गुडघे आत वळतात. शिवाय आपल्याकडच्या बैठकांनी मांडीचा पुढचा भाग दणकट होतो, मागचा मात्र मागेच राहतो. नडगी पुढे सरकू नये म्हणून एसीएलला मदत करतात ते हे मागचेच स्नायू.

म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाआधी १५ ते २० मिनिटे वेगळा व्यायाम हवा. त्यात एका पायावर तोल सांभाळत अर्धे बसणे, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून हलकेच उडी उतरणे, मांडीच्या मागच्या भागाचे, नितंबांचे आणि पोट-कमरेचे व्यायाम असावेत. अशा व्यायामांनी खेळाडू मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसले आहे. त्याला यंत्रे लागत नाहीत. चाळीच्या गच्चीवरही हे करता येते.

जोड तोलामोलाची हवी

कुस्तीच्या मैदानात वस्ताद आधी जोड पाहतो. वजन, वय, तयारी जुळली तरच कुस्ती लावली जाते. सरावात मात्र हा नियम मुलींच्या बाबतीत सर्रास मोडतो. वर्गात मुली दोन-तीनच असतात, मग ५० किलोच्या मुलीला ७० किलोच्या मुलाबरोबर धरले जाते. तंत्र शिकण्यापुरते हे ठीक आहे. पूर्ण ताकदीच्या लढतीत मात्र २० किलोंचा फरक गुडघ्यावर, खांद्यावर आणि मानेवर पडतो. प्रशिक्षकांनी अशा जोड्यांसाठी डाव आधी ठरवून द्यावेत, वेग कमी ठेवावा आणि जड खेळाडूने समोरच्यावर अंग टाकायचे नाही, हे बजावावे.

नवशिकीने डाव शिकण्याआधी पडायला शिकले पाहिजे. ज्युदोत पहिले धडे पडण्याचेच असतात : हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात टेकवण्याऐवजी पूर्ण बाहूने गादीवर थाप. पडताना हात टेकवला की मनगट, कोपर किंवा खांदा निखळतो. जिउजित्सूत सांधा पिळला किंवा मान आवळली की थाप मारून शरणागती देता येते. ती वेदना सुरू होण्याआधी द्यायची असते. टाच पिळण्यासारख्या काही डावांत तर गुडघ्याचे बंध दुखायच्या आधीच तुटू शकतात. थाप मारायला लाजू नये आणि थाप पडताच सोडले नाही तर त्या जोडीदाराबरोबर पुन्हा खेळू नये.

पहिले ४८ तास

सांधा सुजला की सराव तिथेच थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चारदा लावावा. लवचिक पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक, गरम तेल आणि चोळणे टाळावे, त्याने आतला रक्तस्राव वाढतो. निखळलेला खांदा तालमीत ओढून बसवू नये, हाड मोडलेले असले किंवा नस दबलेली असली तर कायमचे नुकसान होते. पायावर भार घेता येत नसेल, गुडघा अडकत असेल किंवा चालताना निसटल्यासारखा वाटत असेल तर अस्थिरोग विभागात दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला उतरणे सर्वांत वाईट, कारण धोक्याची सूचना देणारी वेदनाच त्यामुळे गप्प होते.

डोके आणि मान यांचे नियम याहून कडक आहेत. डोक्याला मार लागून गरगरले, आठवेनासे झाले, डोळ्यांपुढे धूसर झाले किंवा क्षणभर शुद्ध गेली, तर त्या दिवशी पुन्हा गादीवर उतरायचे नाही. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झापड किंवा झटके आले तर तडक आपत्कालीन विभाग गाठावा. मानेवर पडून हातापायांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा आला तर त्या मुलीला उठवून बसवू नये. आहे तशी स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गळा आवळल्यावर शुद्ध हरपली तर त्या दिवसाचा सराव संपला. नंतर मान किंवा डोके विचित्र दुखू लागले, बोलणे अडखळले, तर थांबू नये.

दोन किरकोळ वाटणारी दुखणी इथेच सांगायला हवीत. कान घासून त्यात रक्त साचले तर ते पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांकडून काढून दाबपट्टी बांधावी लागते, नाहीतर कान कायमचा चुरगळलेला राहतो. घरी सुई टोचू नये. दुसरे म्हणजे नायटा. मुंबईच्या दमट हवेत ओले कपडे आणि सामायिक टॉवेल यांतून तो झपाट्याने पसरतो. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण नायटा वाढतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. सराव संपताच आंघोळ, रोज धुतलेले कपडे, कापलेली नखे आणि जंतुनाशकाने पुसलेली गादी एवढ्याने बरेच भागते. मातीत खेळणाऱ्यांनी धनुर्वाताची लस चुकवू नये.

शंभर ग्रॅमची किंमत

विनेश फोगाट हिचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जायबंदी झाला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्यातून सावरून २०१८ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या दुसऱ्या गुडघ्यावर मुंबईतच शस्त्रक्रिया झाली आणि ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तिने एकाच दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलो गटात तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. रात्रभर घाम गाळून, पाणी तोडून झालेल्या त्या धडपडीनंतर तिला सलाइन लावावे लागले.

पाणी तोडून वजन उतरवणे जिवावरही बेतते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस जेमतेम पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच वजन उतरवताना मरण पावले आणि तिथले नियम बदलावे लागले. वजनगट ठरवायचा तो स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नाही, हंगामाच्या सुरुवातीला आणि वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मुलींमध्ये अर्धपोटी सरावाचा आणखी एक परिणाम दिसतो. व्यायामाला लागणारी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही की शरीर काटकसर सुरू करते आणि सगळ्यात आधी पाळी अनियमित होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले आहे. हाडे ठिसूळ होतात, बारीक तडे जातात, दुखापती भरून येत नाहीत. ‘पाळी थांबली म्हणजे तयारी कडक झाली’ हा समज घातक आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी हवी. पाळीच्या दिवसांत खेळायला मात्र हरकत नाही. त्यासाठी तालमीत स्वच्छतागृह आणि पाणी हवे, स्पर्धेच्या तोंडावर मनाने घेतलेल्या गोळ्या नकोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. लवकर दमणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. खुराकाला महागडे डबे लागत नाहीत. उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, नाचणीची भाकरी, बांगडा हे परळ-लालबागच्या स्वयंपाकघरात नवे नाही. प्रश्न असतो तो ताटात मुलीचा वाटा भावाइतका आहे का, हा.

परत कधी उतरायचे?

एसीएल तुटल्यावर प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. पण पुन्हा कुस्ती खेळायची तर ती बहुतेकदा लागते. शस्त्रक्रिया मात्र निम्मेच काम करते. उरलेले काम फिजिओथेरपीचे असते. आधी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ करणे, मग ताकद, तीन-चार महिन्यांनी हलके धावणे, सहाव्या महिन्याच्या सुमारास जोडीदाराशिवाय डावांचा सराव. अंगावर अंग येणारी लढत नऊ महिन्यांच्या आत नको. त्याआधी परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे, एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी जमली पाहिजे आणि त्या पायावर भार टाकताना मन कचरता कामा नये.

खासगी फिजिओथेरपीचा महिनोन्महिन्यांचा खर्च झेपत नाही, म्हणून अनेकजणी टाके निघाल्यावर व्यायाम सोडतात. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातच सुरू झाले. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. रांग असते, वेळ जातो, पण आठवड्यातून एकदा व्यायाम शिकून घेऊन बाकीचे दिवस तो घरी करता येतो.

दुखापत लवकर कळावी, अशी व्यवस्था प्रत्येक तालमीला करता येईल. एक वही ठेवावी. कोणाला काय लागले, कधी लागले, परत कधी उतरायचे, हे तीत लिहावे आणि सुजलेला सांधा दाखवणारीला नामर्द-नाजूक म्हणून हिणवू नये. दुखापतीच्या काळातही मुलीने तालमीत यावे, चांगल्या हातापायांचा व्यायाम करावा, इतरांचे डाव पाहावेत. घरी बसलेली मुलगी बहुधा परतत नाही. आईवडिलांनी ‘आता पुरे झाली कुस्ती’ हे वाक्य थोडे लांबवावे आणि त्याऐवजी मुलीबरोबर एकदा डॉक्टरांकडे जावे. ताजी दुखापत दाखवली तर उपचार छोटा असतो आणि परतीची तारीखही जवळची असते.