डोक्यावरचं टेन्शन!

हॉलला झकास रंग, भिंतीवर मोठ्ठा टीव्ही, मॅचिंग पडदे... आणि गच्ची? तिच्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं?

रविवारची सकाळ. आजी नुकतीच चहासाठी उठून बाहेर आली होती. इतक्यात आतल्या खोलीतून धाडकन आवाज आला. जाऊन बघतो तर तिच्या उशीवर छताच्या प्लॅस्टरचा हा एवढा तुकडा! वर स्लॅबची तांबूस, गंजलेली सळई उघडी पडलेली. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली असती तर... पुढचा विचारसुद्धा नको वाटतो.

कोथरूडमधलं आमचं रो-हाऊस १९८६ सालचं. एका रांगेत आठ घरं, प्रत्येक दोन घरांत एक भिंत सामाईक. गेले तीन पावसाळे आजीच्या खोलीत पाणी झिरपत होतं. दर मे महिन्यात गच्चीवर केमिकलचा एक हात मारायचा आणि विषय संपवायचा, हा आमचा ठरलेला फंडा. ऑफिस, डेडलाइन, वीकेंड यातून गच्चीवर जाऊन बघायला वेळ होता कोणाला?

स्वस्तातलं औषध

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला, पाच मिनिटं फिरला आणि म्हणाला, ‘‘जुना कोबा फोडायची भानगडच नको. त्यावरच नवीन टाकू. चार दिवसांत काम!’’ भावही निम्मा. मी तर लगेच हो म्हणणार होते, कारण लडाखसाठी साठवलेले पैसे वाचत होते ना! बाबांनी मात्र आधी ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं.

त्यांनी छोट्या हातोडीनं अख्खं छत ठोकून बघितलं. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. मग त्यांनी हिशेब मांडला. विटांच्या तुकड्यांचा चारेक इंचांचा कोबा चौरस फुटाला साधारण २० किलो भरतो. म्हणजे ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर १० टन! जुना तसाच ठेवून वर आणखी १० टन टाकायचे, तेही सळया गंजलेल्या स्लॅबवर? स्वस्तातलं औषध भलतंच महाग पडलं असतं.

खरं दुखणं सळईचं होतं. झिरपलेलं पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे ती फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. आम्ही तीन वर्षं वरून केमिकल लावत होतो आणि आत हे चाललं होतं.

पाणी नक्की कुणाचं?

रो-हाऊसची खरी गंमत पुढेच आहे. डाग जिथे दिसतो, त्याच्या बरोब्बर वर गळती असेलच असं नाही. पाणी कोब्याखालून सरकत लांब जाऊन उतरतं. आमच्याकडे ते सामाईक भिंतीच्या कठड्यातून येत होतं. तिथे शेजारच्या बाजूनं पिंपळ उगवला होता आणि त्याच्या मुळांनी भेग पाडली होती.

आता आली का पंचाईत! पार्किंगच्या भांडणापासून शेजारच्या काकांशी आमचं बोलणं जेमतेमच. शेवटी आईच साबुदाण्याची खिचडी घेऊन गेली. काका वर आले, पिंपळ बघितला आणि म्हणाले, ‘‘अहो वहिनी, मला तर वाटत होतं पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येतंय!’’ त्यांच्याही माळ्याची भिंत ओली होती. दोन्ही गच्च्या एकदमच करायच्या ठरल्या. कठड्याचा खर्च निम्मा-निम्मा.

मग रीतसर काम सुरू झालं. जुना कोबा जपून काढला. पिंपळ नुसता न छाटता भेग उघडून मुळासकट काढला. खालून सळया तारेच्या ब्रशनं घासल्या, गंजरोधक लेप दिला, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं भाग भरून काढले. वर नवीन कोबा, पाइपाच्या तोंडाकडे १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार आणि कठड्याच्या कोपऱ्यात गोलसर वाटा. शेवटी गच्चीत पाणी तुंबवून ठेवलं. रोज ऑफिसमधून आले की आधी आजीच्या खोलीत जाऊन छत बघायचं, हा माझा उद्योग. डाग आला नाही!

लडाख अर्थातच पुढच्या वर्षावर गेलं. जूनमधल्या पहिल्या धुवाधार पावसात आजीनं सवयीनं खोलीत बादली आणून ठेवली. सकाळी ती कोरडीच होती. मग आजीनं त्याच बादलीत धुण्याचे कपडे भिजवले!

पावसाळ्याआधीचं होमवर्क

- पाहणी मार्च-एप्रिलमध्येच करा. पाऊस सुरू झाल्यावर ओल आत कोंडते.
- पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं पाला काढून मोकळी ठेवा.
- छताला तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत भेग दिसली तर आधी इंजिनिअर, मग कॉन्ट्रॅक्टर.
- जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकायला चक्क नाही म्हणा.
- पाणी तुंबवून टेस्ट झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.
- आणि हो, शेजाऱ्यांशी बोला. भिंत दोघांची आहे!