यामादोरी

यामादोरी म्हणजे डोंगरात, कड्यावर किंवा माळावर निसर्गतः वाढलेले खुरटे झाड मुळांसह काढून बोन्सायसाठी कुंडीत जगविण्याची जपानी पद्धत होय. अशा रीतीने मिळविलेल्या झाडालाही यामादोरीच म्हणतात. जपानी भाषेत ‘यामा’ म्हणजे डोंगर व ‘तोरी’ म्हणजे घेणे. समासात ‘तोरी’चे ‘दोरी’ होते.

वैशिष्ट्ये

वारा, बर्फ आणि खडकातील तुटपुंजी माती यांमुळे अशी झाडे अनेक दशके जगूनही बुटकी राहतात. त्यांचे खोड जाड व पिळदार होते आणि काही भाग वाळून पांढरा पडतो. वाळलेल्या फांदीला ‘जिन’, तर खोडावरील मृत लाकडाला ‘शारी’ म्हणतात. रोपवाटिकेत ही रूपे साधण्यास दीर्घ काळ लागतो.

इतिहास

शिम्पाकू या जुनिपरच्या प्रकारासाठी शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वत व निगाता प्रभागातील इतोइगावा परिसर प्रसिद्ध आहेत. झाडे मिळविण्यासाठी संग्राहक दोराच्या साहाय्याने कड्यांवरून खाली उतरत. अतिरेकी संग्रहामुळे तेथील जुनी झाडे दुर्मीळ झाली. आज शिम्पाकूची बहुतेक झाडे छाट कलमांपासून तयार केली जातात.

काढणी

झाडाला पाणी पुरविण्याचे काम मुख्यतः बारीक तंतुमुळे करतात. रानात ती बहुधा खोडापासून दूर पसरलेली असतात. त्यामुळे सरसकट खणल्यास जाड मुळे हाती येतात व तंतुमुळे मागे राहतात. यावर ‘नेमावाशी’ हा उपाय आहे. त्यात काढणीच्या एक-दोन वर्षे आधी झाडाभोवती चर खणून काही मुळे तोडतात. मग खोडाजवळ नवी तंतुमुळे फुटतात. (पूर्वतयारीची सल्लामसलत या अर्थानेही हा शब्द जपानीत रूढ आहे.) समशीतोष्ण प्रदेशात कळ्या फुगण्याच्या सुमारास, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस, काढणी करतात. मुळांचा गोळा ओल्या शेवाळात व गोणपाटात घट्ट गुंडाळतात. खडकाच्या फटीत अडकल्याने मुळे शाबूत निघण्याची शक्यता नसेल, तर झाड जागेवरच ठेवणे योग्य मानले जाते.

संगोपन

झाड प्रथम प्यूमिससारख्या, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या माध्यमात लावतात. ते हलल्यास नवी मुळे तुटतात; म्हणून तारेने किंवा दोरीने पक्के बांधतात. पाइनच्या मुळांवर उपकारक बुरशी असल्याने मूळची थोडी माती राखतात. झाड वाऱ्यापासून व कडक उन्हापासून जपून पानांवर पाण्याची फवारणी करतात. मात्र माध्यम सतत चिंब ठेवल्यास मुळे कुजतात. नवी वाढ स्थिरावेपर्यंत खत देत नाहीत.

जुनिपरचा हिरवेपणा फसवा असतो. मुळे मेल्यानंतरही त्याची पाने काही महिने हिरवी दिसू शकतात. म्हणून जोमदार नवी वाढ हीच झाड जगल्याची खूण समजतात आणि त्यानंतरच, बहुधा एक ते तीन वर्षांनी, छाटणी व तार गुंडाळण्यास आरंभ करतात.

भारतातील स्थिती

भारतात जुन्या भिंतींच्या भेगांत उगवलेले वड, पिंपळ व उंबर बोन्सायसाठी घेतले जातात. ही झाडे जुन्या लाकडावर पुन्हा फुटतात. त्यामुळे काढताना त्यांच्या फांद्या बऱ्याच छाटता येतात. जुनिपरच्या पर्णहीन फांदीला सहसा नवी पालवी फुटत नाही, म्हणून त्याची पाने राखावी लागतात. महाराष्ट्रात पावसाळ्याचा आरंभ या कामासाठी सोयीचा ठरतो, कारण दमट हवेत पानांतून पाणी कमी उडते.

भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज नेणे गुन्हा आहे. खाजगी जमिनीवरील झाडासाठी मालकाची संमती आवश्यक असते. बांधकामामुळे किंवा पडझडीमुळे नष्ट होणार असलेले झाड रीतसर परवानगीने वाचविणे हा संग्रहाचा अधिक स्वीकारार्ह मार्ग होय.